एसयूव्ही घेण्यापूर्वी : पाच वर्षांचा हिशेब

दसरा-पाडव्याच्या सुमारास व्यापारी कुटुंबांत एक विषय हमखास निघतो. जुनी गाडी आता लहान पडते, मुले मोठी झाली आहेत, आई-वडिलांना वाकून बसणे जड जाते, तेव्हा या वेळी एसयूव्हीच घ्यावी. विषय निघाल्यापासून गाडी दारात येईपर्यंत बहुधा पंधरा दिवसही लागत नाहीत. दुकानात माल भरताना पैशा-दोन पैशांच्या फरकासाठी चार पेढ्यांकडे चौकशी करणारा आपला व्यापारी बारा-पंधरा लाखांची ही खरेदी मात्र रंग, पडद्याचा आकार आणि शेजाऱ्याची गाडी यांवर ठरवितो. वाहनकर्जाच्या फायली बँकेत अनेक वर्षे तपासताना ही विसंगती मला सतत जाणवत असे. गाडी घेऊ नये असे सांगण्याचा येथे हेतू नाही. घर, दुकान आणि प्रवास यांना शोभेल अशी गाडी कशी निवडावी आणि तिचा भार व्यापाराच्या भांडवलावर कसा पडू देऊ नये, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

एसयूव्ही आणि क्रॉसओव्हर

पूर्वी जमिनीपासून उंच गाडी म्हणजे जीप, सुमो किंवा बोलेरो. मजबूत लोखंडी चौकटीवर स्वतंत्र सांगाडा बसविलेली ही वाहने खडबडीत रस्त्यांसाठी व ओझ्यासाठी घडविलेली होती. २००२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओने या प्रकाराला शहरी रूप दिले. पुढे २०१२ मध्ये डस्टर, २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१५ मध्ये क्रेटा आणि २०१६ मध्ये ब्रेझा आली आणि चित्र पालटले. या नव्या गाड्यांत चौकट व सांगाडा वेगळे नसून एकसंध आहेत. रचनेने त्या मोटारगाड्याच होत, फक्त उंच केलेल्या. त्यांनाच क्रॉसओव्हर म्हणतात. फ्रॉन्क्स ही गाडी बलेनोच्याच मूळ रचनेवर, तर पंच ही अल्ट्रोझच्या रचनेवर उभी आहे. आज शोरूममध्ये ‘एसयूव्ही’ म्हणून दाखविल्या जाणाऱ्या बहुसंख्य गाड्या या वर्गातील आहेत.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. चौकटीवरची गाडी कच्च्या रस्त्यावर, शेतावर किंवा भरपूर ओझे घेऊन जाताना टिकाऊ ठरते. मात्र ती जड असते, इंधन अधिक पिते, तिच्यात चढताना पायरी लागते आणि खराब डांबरी रस्त्यावर ती अधिक हेलकावते. एकसंध सांगाड्याची गाडी हलकी, शांत व चालविण्यास सोपी असते. दुसरी बाब म्हणजे बहुतेक क्रॉसओव्हर गाड्यांत इंजिनाची शक्ती केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. उंच दिसते म्हणून ती चिखलातून निघेलच असे नाही. उंचीमुळे खड्डे, गतिरोधक आणि पावसाळ्यात साचलेले पाणी यांत सोय होते, पण गुरुत्वमध्यही वर जातो. म्हणून वळणावर आणि अचानक ब्रेक लावताना अधिक संयम लागतो.

चार मीटरची रेषा

बाजारात इतक्या गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर कशी, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. याचे उत्तर करपद्धतीत आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत. त्या गाड्यांना कमी उत्पादनशुल्क लागले आणि कंपन्यांनी त्या मापात गाड्या घडविण्यास प्रारंभ केला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. वरील व्याख्येत बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवरील गाड्यांवर ५ टक्के असा कर आता आहे. पूर्वीचा उपकर रद्द झाला. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. लांबी व इंजिन या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटरच आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ घनसेंटिमीटरचे असल्याने ती १८ टक्क्यांच्या वर्गात येत नाही. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १,१९९ आणि डिझेल इंजिन १,४९७ घनसेंटिमीटरचे, म्हणून ती येते. यावरून एक गाडी चांगली व दुसरी वाईट असे ठरत नाही. मोठे, शांत इंजिन हवे असेल तर त्यासाठी कर अधिक पडतो, एवढे जाणून निर्णय घ्यावा.

वर्षभराच्या प्रवासाची नोंद

गाडी पाहावयास जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून एक कागद करावा. गेल्या वर्षभरात गाडी किती किलोमीटर चालली, त्यापैकी गावात किती व महामार्गावर किती, एका वेळी बहुधा किती माणसे बसली, सातहून अधिक जण एकत्र किती वेळा गेले, हे त्यावर लिहावे.

उदाहरणादाखल बार्शीसारख्या गावातील एखादे भुसार-व्यापारी कुटुंब घेऊ. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे. गाडी रोज घर ते आडत दुकान धावते, महिन्यातून एकदा सोलापूर, दोन-तीन महिन्यांनी पुणे, वर्षातून दोन वेळा कुंथलगिरी किंवा कुंभोजची यात्रा. एकूण धाव वर्षाला सुमारे १०,००० किलोमीटर. कागदावर हे उतरले की अनेक प्रश्न आपोआप सुटतात. सहाही माणसे एकत्र जाण्याचे प्रसंग वर्षातून आठ-दहा असतील तर त्यासाठी पाच लाख रुपये अधिक मोजून सात आसनांची मोठी गाडी घ्यावी, की त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी घ्यावी? आठ-दहा वेळच्या भाड्याची बेरीज करून हे ठरवावे. उलट, घरच्या सहा जणांचा प्रवास दर आठवड्याला असेल तर सात आसने ही गरजच आहे.

सात आसनी गाडीत तिसरी रांग प्रत्यक्ष बसून पाहावी. अनेक गाड्यांत ती लहान मुलांनाच सोसते आणि ती उघडी असताना सामानाला जेमतेम दोन पिशव्यांची जागा उरते. मग सामान टपावर जाते, गाडीचा तोल आणखी वर सरकतो आणि इंधनही अधिक लागते. पाच आसनी गाड्यांत क्रेटाची सामानाची जागा ४३३ लिटर, नेक्सॉनची ३८२ आणि ब्रेझाची ३२८ लिटर आहे. आकडे पाहण्याबरोबर घरातील दोन मोठ्या बॅगा सोबत नेऊन ठेवून पाहाव्यात. यात संकोच नको.

रुंदीही मोजावी. पंचची रुंदी १,७४२ मिलिमीटर, क्रेटाची १,७९०, तर स्कॉर्पिओ-एनची १,९१७ मिलिमीटर आहे. हे आकडे बाजूचे आरसे सोडून. जुन्या पेठेतील गल्लीत, मालाच्या हातगाड्या व दुचाक्या यांच्यामधून रोज गाडी काढावयाची असेल तर हा अर्ध्या फुटाहून अधिक फरक दिवसातून चार वेळा जाणवतो.

ज्येष्ठांसाठी सर्वांत मोलाची कसोटी आसनाच्या उंचीची. आसन साधारण कमरेच्या पातळीवर असेल तर न वाकता व न चढता बसता येते. क्रॉसओव्हरचा खरा लाभ हाच. चौकटीवरच्या उंच गाडीत गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला चढता-उतरताना आधार लागतो. म्हणून चाचणीफेरीला आजी-आजोबांना सोबत न्यावे, मागे बसवावे, दोन वेळा उतरवावे-चढवावे. गाडी चालविणाऱ्याचे मत सर्वजण विचारतात. मागे बसणाऱ्याचे मत कोणी विचारत नाही आणि घरातील ज्येष्ठ आयुष्यभर मागेच बसणार असतात.

एक गोष्ट आपल्या घरांत आवर्जून पाहिली जाते, ती आसनांच्या आवरणाची. महागड्या प्रकारांत बहुधा ‘लेदरेट’ म्हणजे कृत्रिम आवरण असते, परंतु काही गाड्यांत आसने किंवा सुकाणूचे वेष्टन खऱ्या चामड्याचेही असते. विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. निवडलेल्या प्रकाराचे तपशीलपत्रक पाहून लेखी खात्री करावी. कापडी आसनांचा प्रकार घेणे हा सर्वांत सोपा मार्ग.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी की वीज

डिझेल स्वस्त, म्हणून डिझेलची गाडी स्वस्त, हा समज अद्याप गेलेला नाही. तो आकड्यांत तपासू. हिशेबापुरते पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये लिटर धरू. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलची १८ किलोमीटर जाते असे मानू. वर्षाला १०,००० किलोमीटर धाव असल्यास पेट्रोलचा खर्च ७०,००० रुपये व डिझेलचा सुमारे ५१,१०० रुपये होतो. बचत वर्षाला सुमारे १८,९०० रुपये. डिझेल गाडीची किंमत दीड लाखाने अधिक असेल तर ती रक्कम भरून निघण्यास जवळजवळ आठ वर्षे लागतील. धाव २५,००० किलोमीटर असेल तर तीच रक्कम सव्वातीन वर्षांच्या आत वसूल होते. म्हणजे डिझेल गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आहे. घर ते दुकान जाणाऱ्यासाठी ते नाही.

आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ही गाळणी स्वतःला स्वच्छ करून घेण्यासाठी इंजिन काही काळ सलग, चांगल्या वेगाने चालावे लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती तुंबते, दिवा लागतो आणि कार्यशाळेच्या फेऱ्या सुरू होतात.

सीएनजीने इंधनखर्च कमी होतो. मात्र टाकीमुळे सामानाची जागा घटते, पंपावर रांग असते आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते. यात्रेच्या मार्गावर पंप आहेत का, हेही पाहावे. विजेची गाडी ज्यांच्याकडे स्वतःची बंदिस्त जागा आणि चार्जिंगची सोय आहे, ज्यांची रोजची धाव ठरलेली आहे आणि घरात लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी आहे, त्यांनी अवश्य विचारात घ्यावी. एकच गाडी असलेल्या कुटुंबाने मात्र आपल्या नेहमीच्या मार्गावरील चार्जिंग केंद्रे प्रत्यक्ष पाहून मगच ठरवावे.

सुरक्षितता : मागील आसनाचा विचार

डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या गाडीला ते प्रथमच मिळाले होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. तीत गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळविली जाते, बाजूने धडक दिली जाते आणि प्रौढ व बालक यांच्या सुरक्षिततेला स्वतंत्र तारे दिले जातात. तारे वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. चाचणी कोणत्या वर्षीची आहे ही पहिली, कारण ग्लोबल एनकॅपचे निकष जुलै २०२२ मध्ये कडक झाले आणि त्यापूर्वीचे पाच तारे व नंतरचे पाच तारे एकाच मापाचे नाहीत. दुसरी, मुलांसाठीचे तारे किती आहेत.

सुविधांच्या यादीत सरकते छत व मोठा पडदा खाली राहिला तरी चालेल, पण सहा एअरबॅग, गाडी घसरू न देणारी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा, मागील तिन्ही जागांना तीन बिंदूंचे पट्टे व डोक्याचे आधार आणि बालकांचे आसन बसविण्यासाठीचे आयसोफिक्स खिळे हवेतच. सात आसनी गाडीत बाजूच्या पडदा-एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, हे विचारावे.

एवढे असूनही मागे बसणाऱ्याने पट्टा लावला नाही तर सारे व्यर्थ ठरते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी उत्तम होती. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मागील आसनावर पट्टा लावणे कायद्यानेही बंधनकारक आहे. आपल्याकडे आजी मागे, नातू तिच्या मांडीवर आणि दोघांनाही पट्टा नाही, हे दृश्य सर्रास दिसते. नव्या गाडीच्या पहिल्याच दिवशी घरात नियम करावा : मागचे पट्टे लागल्याखेरीज गाडी हलणार नाही.

उंच गाडीच्या मालकावर आणखी एक जबाबदारी येते. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेच्या एका विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या वाहनांचे बॉनेट ४० इंचांहून अधिक उंच आहे त्यांच्या धडकेत पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. उंच बॉनेटसमोरचे लहान मूलही चालकास दिसत नाही. पहाटेच्या वेळी महामार्गाच्या कडेने विहार करणारे आपले साधू-साध्वी पायीच चालत असतात. त्यांच्यासाठी आणि प्रत्येक पादचाऱ्यासाठी आपल्या गाडीचा वेग ही हिंसा-अहिंसेचीच बाब आहे.

पाच वर्षांची खतावणी

शोरूममधील किंमत हा खर्चाचा केवळ पहिला आकडा असतो. आपल्या उदाहरणातील कुटुंबासमोर दोन पर्याय आहेत असे धरू. पहिली गाडी सर्व खर्चासह १४ लाखांची, कर्ज १० लाख. दुसरी चार मीटरच्या आतील, साडेनऊ लाखांची, कर्ज साडेपाच लाख. व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षे, धाव वर्षाला १०,००० किलोमीटर.

पहिल्या गाडीवर पाच वर्षांत व्याज सुमारे २.४६ लाख, पेट्रोल ३.५० लाख, पुढील चार वर्षांचा विमा १.४० लाख आणि देखभाल ७५ हजार धरली तर एकूण २२.११ लाख रुपये जातात. पाच वर्षांनी निम्मी किंमत, म्हणजे ७ लाख, परत आली तर निव्वळ खर्च १५.११ लाख. हा महिन्याला सुमारे २५,२०० आणि किलोमीटरला ३० रुपये पडतो. दुसरी गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते असे मानून व्याज १.३५ लाख, पेट्रोल २.९२ लाख, विमा १ लाख व देखभाल ६० हजार धरल्यास एकूण १५.३७ लाख होतात. निम्मी किंमत वजा जाता निव्वळ खर्च १०.६२ लाख, म्हणजे किलोमीटरला सुमारे २१ रुपये.

दोन्हींतील फरक साडेचार लाखांचा. विमा, देखभाल व पुनर्विक्रीचे आकडे येथे अंदाजाने घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे विचारून ते बदलावेत. मोठ्या गाडीच्या आराम-सोयीला साडेचार लाखांचे मोल आहे, असे घरातील सर्वांना वाटत असेल तर ती अवश्य घ्यावी. हा आकडा डोळ्यांसमोर असावा, एवढेच म्हणणे.

पैसा कोठून काढावा

व्यापारी कुटुंबात गाडीसाठी दुकानाचे पैसे वापरण्याची सवय असते. कॅश क्रेडिट खात्यात मर्यादा शिल्लक आहे, मग वेगळे कर्ज कशाला, असे वाटते. यातला धोका नीट समजून घ्यावा. कॅश क्रेडिटची मर्यादा माल व येणी यांच्या तारणावर, मार्जिन वजा करून दिलेली असते. त्यातून गाडी घेतली तर खात्यातील उचल वाढते, पण गोदामातील माल वाढत नाही. पुढच्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ड्रॉइंग पॉवर कमी दिसते, खाते अनियमित होते आणि खेळते भांडवल अन्यत्र वळविल्याचा शेरा पडतो. त्याचा परिणाम नूतनीकरणाच्या वेळी दिसतो. शिवाय दसरा-दिवाळी हाच माल भरण्याचा काळ. गाडी दारात आणि भाव उतरलेले असताना माल घ्यावयास पैसा नाही, अशी स्थिती ओढवते. दुकानातील पैसा वर्षातून सहा वेळा फिरत असेल आणि प्रत्येक फेरीत निव्वळ दोन टक्के मिळत असतील, तर १० लाखांवर वर्षाला १ लाख २० हजार सुटतात, म्हणजे १२ टक्के. असा पैसा ९ टक्क्यांचे कर्ज वाचविण्यासाठी गाडीत घालणे हे नुकसानीचेच. मात्र तीच रक्कम बँकेत साडेसहा-सात टक्क्यांनी मुदत ठेवीत पडून असेल तर ती मोडून कर्ज कमी घेणे हिताचे.

कर्ज घेताना दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकेवर, हे पहिल्याच वाक्यात विचारावे. १० लाखांवर ९ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज साडेचार लाख होते. घटत्या शिलकेवर ९ टक्क्यांनी ते २ लाख ४६ हजारच होते. म्हणजे ९ टक्के फ्लॅट हा वस्तुतः पावणेसोळा टक्क्यांच्या आसपासचा दर आहे.

मुदतीचा मोहही टाळावा. १० लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मासिक हप्ता २०,७५८ रुपये, तर सात वर्षांसाठी १६,०८९ रुपये पडतो. हप्ता साडेचार हजारांहून अधिक कमी होतो खरा, परंतु व्याज सुमारे एक लाखाने वाढते. सात वर्षांच्या कर्जात पाच वर्षे संपल्यावरही सुमारे साडेतीन लाख देणे बाकी असते. गाडी जुनी झालेली, कर्ज मात्र उभे. ज्या गाडीचा पाच वर्षांचा हप्ता झेपत नाही, ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची समजावी. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास किती आकार लागेल, हेही मंजुरीपत्रात वाचून घ्यावे.

फर्मच्या नावे की स्वतःच्या?

‘धंद्याच्या नावावर घेऊ, करात सुटेल’ हे वाक्य फार ऐकू येते. जीएसटीत तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनावर भरलेल्या कराचे क्रेडिट सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. वाहनविक्री, प्रवासी वाहतूक व चालक-प्रशिक्षण हे व्यवसाय त्याला अपवाद आहेत. प्राप्तिकरात गाडीवर घटत्या किमतीने १५ टक्के आणि विजेच्या गाडीवर ४० टक्के घसारा मिळतो. तोही व्यवसायासाठी होणाऱ्या वापरापुरताच. त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला तर निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी अर्धा घसारा मिळतो.

दुसऱ्या पारड्यात महाराष्ट्राचा रस्ताकर आहे. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावे १२ टक्के कर लागतो, कंपनीच्या नावे २० टक्के. १४ लाखांवर हा फरक १ लाख १२ हजारांचा होतो. घसारा घेतलेली गाडी नोंदणीकृत व्यापाऱ्याने पुढे विकल्यास, खतावणीतील उरलेल्या किमतीपेक्षा जितकी अधिक रक्कम येईल त्या फरकावर १८ टक्के जीएसटीही द्यावा लागतो. म्हणून आपल्या सनदी लेखापालाकडून दोन्ही बाजू मांडून घ्याव्यात. १० लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वजा मागता येतो, हे अनेकजण विसरतात. तसेच अशा व्यवहारात २ लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारणे कायद्याला मान्य नाही. सर्व रक्कम बँकेमार्फतच द्यावी.

विमा व कागदपत्रे

विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत, फरक पडतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा बंधनकारक आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दरवर्षी घ्यावयाचा असतो. पहिली काही वर्षे घसाऱ्याची कपात न होणारे, म्हणजे झीरो डेप्रिसिएशनचे, संरक्षण आणि पाणी साचणाऱ्या गावात इंजिन-संरक्षण घेणे योग्य.

जुन्या गाडीवर दावा केला नसेल तर जमलेली नो क्लेम बोनसची सवलत विसरू नये. ती २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि ती गाडीची नसून मालकाची असते. विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेतले की नव्या गाडीच्या विम्यात ती मिळते. जुनी गाडी विकताना नोंदणीवरील नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण अपघात झाल्यास भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले जाते.

गाडी ताब्यात घेताना निर्मितीचा महिना व वर्ष, किलोमीटरचा आकडा आणि चासीचा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरटीओतील बोजा उतरवावा आणि विमा पॉलिसीवरूनही बँकेचे नाव काढून घ्यावे. कर्ज फेडून वर्षे लोटली तरी बोजा तसाच राहिलेल्या गाड्या पुष्कळ असतात आणि ते विकण्याच्या दिवशी लक्षात येते.

निर्णय घेताना

या सर्व विवेचनाचा उपयोग एका पानावर करता येईल. वर्षाची धाव, बसणारी माणसे, पाच वर्षांचा निव्वळ खर्च, कर्जाचा घटत्या शिलकेवरील दर आणि गाडी कोणाच्या नावे, या पाच गोष्टी त्यावर लिहाव्यात. त्यानंतरच दोन किंवा तीन गाड्या निवडून त्या एकाच दिवशी, घरातील ज्येष्ठांसह चालवून पाहाव्यात. ज्या दिवशी गाडी पाहिली त्याच दिवशी आगाऊ रक्कम देऊ नये. सवलत ‘आजच्या पुरती’ असल्याचे सांगितले गेले तरी ती पुढील आठवड्यातही बहुधा मिळते.

ज्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले आहे त्यांच्या घरी वाहनांची संख्या व मूल्य यांची मर्यादा आधीच ठरलेली असते. ज्यांनी ते घेतलेले नाही त्यांनाही खरेदीपूर्वी अशी मर्यादा स्वतः आखून घेता येईल : किंमत अमुक लाखांपर्यंत, कर्ज पाच वर्षांपर्यंत, दुकानाच्या भांडवलाला हात नाही. ही मर्यादा घरात आधी ठरली की शोरूममध्ये विक्रेत्याशी बोलणे फार सोपे जाते.